कारागीर मंडळाची वही

कार्तिकातल्या अवसेला गुणो माणगा तोडतो.
उजेडाच्या पंधरवड्यात तोडला तर भुंगा लागतो, म्हणतो.
हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.
त्याखाली बारा जणांची नावं, वर्गणी,
आणि कोयतीला धार लावल्याचे वीस रुपये.

वर्ग भरतो आमच्याच शाळेत.
आमच्याच म्हणजे, मी इथे एकवीस वर्षं शिकवलं.
शेवटच्या साली तीन पोरं,
मग टपालातून आलेला एक कागद.
फळ्याच्या कोपऱ्यात अजून पट आहे:
मुलगे १, मुली २.
कुणी पुसलेला नाही. मीसुद्धा.

आता तिथे जमिनीवर
मोठी माणसं गुडघे आवळून बसतात.
दामू झर्मेकर, ज्याचा खाणीवरचा ट्रक
दारात उभा राहून राहून घोसाळ्याच्या वेलीने धरलाय.
त्याचा हात अजून गिअर टाकल्यासारखी बेळ ओढतो
आणि बेळ तुटते.
साळगावहून पहिल्या कदंबाने येणारी एस्परान्सा,
जिच्या सासूच्या सुपाला कड बांधून देणारं कुणी उरलं नाही.
पंचायतीचा कारकून,
जो शनिवारी येतो नि चहापुरता राहतो.

"एक उचल, दोन दाब," गुणो म्हणतो.
मास्तर म्हटलेलं त्याला खपत नाही.
मास्तरीण ती, म्हणून माझ्याकडे कोयती दाखवतो.

त्याची आई रुक्मा
चवथीआधी वायनाची सुपं घेऊन वाड्यावाड्यांत फिरायची.
सूप थेट देवापुढे जायचं,
ती तुळशीपर्यंत.
हे तो विणता विणता सांगतो, मान वर न करता,
तेव्हा काही आडनावांची माणसं
आपापल्या बेळांकडे जरा जास्तच लक्ष देतात.
त्यांत माझंही आडनाव आहे.
एक उचल, दोन दाब.

शिमग्याआधी वर्ग संपतो.
मध्ये एक रविवार झरीचा गाळ काढण्यात जातो,
एक खतखत्यात.
भाज्या किती घालायच्या यावर दरवर्षी भांडण,
दरवर्षी मी ते इतिवृत्तातून गाळते.

मंडळाचा एकच नियम जुना:
पहिलं सूप विकायचं नाही.
वाकडं असो, तिरळं असो, पाखडताना तांदूळ सांडो,
ते गावातल्या पुढच्या बाळंतिणीकडे जायचं,
पाचवीच्या रात्री बाळाला निजवायला.

भिंतीवर सध्या एकोणचाळीस सुपं आहेत,
प्रत्येकाखाली खडूने नाव.
धूळ झाडताना मोजते,
प्रार्थनेला पोरं मोजायची तशी, बोट न दाखवता.
लग्नं होतात.
पण संसार फोंड्यात, वास्कोत,
एकीचा तर मस्कतला.

यंदा माघात एका सकाळी कुलूप काढलं
तर एस्परान्साचं सूप खिळ्यावरून पडलेलं.
सगळ्यांत खोलगट सूप ते, जवळजवळ टोपलीच.
त्यात राखाडी मांजर,
आणि डोळे न उघडलेली चार पिल्लं.

"नियमात बाळ म्हटलंय," दामू म्हणाला,
"कुणाचं ते कुठे म्हटलंय?"
कारकुनाने ठरावाची भाषा सुचवली.
त्या दिवशी तो चहानंतरही थांबला.
गुणो हसून हसून खोकला,
मग वाकून कड बोटाने चाचपत म्हणाला,
"पडलं तरी सुटली नाही बघ."
एस्परान्सा हसत होती की रडत,
चष्मा वहीवर होता, मला दिसलं नाही.

मी लिहिलं:
सूप एक, दिलं.
शिल्लक अडतीस.
नियमाचा अर्थ पुढच्या वर्षीच्या सभेत.

संध्याकाळी खिडक्या लावताना पाहिलं,
फळ्यावर पटाखाली कुणीतरी भर घातलीय:
पिल्लं ४.
अक्षर दामूचंच.
'ल' अजून उलटा काढतो.
दुसरीत असताना
सांगून सांगून दमले होते मी.